दोनशे चारच्या बाई

माझ्या घरमालकीणबाईंचं स्वतःचं घर होतं. तीन खोल्या, मागे मोरी, पुढे जास्वंद, वर गच्ची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "त्यांना घर नव्हतं का?" होतं ना! बल्लारपुरात होतं, पेपर मिलचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर. तरी बाई दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी इस्त्रीचं पातळ नेसून, पिशवी घेऊन एसटीत बसायच्या, चंद्रपूरला जायच्या आणि तिथल्या स्टँडसमोरच्या एका लॉजमध्ये मुक्काम करून रविवारी दुपारी परत यायच्या. काम काही नाही. नातेवाईक कोणी नाही. दवाखाना नाही, कोर्ट नाही, लग्न नाही. नुसतं जायचं, राहायचं आणि यायचं.

मी त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायची. तेव्हा मी सरकारी उपकेंद्रावर नर्स होते. नवरा गडचिरोलीकडे शाळेवर, त्यामुळे मी एकटीच. आणि आता कबूल करायला हरकत नाही, मी स्वतःला फार शहाणी समजायची. शाळा दहावीपर्यंतच झालेली, पण वाचनालयाची पुस्तकं वाचायची, त्यामुळे माणसाच्या मनातलं मला कळतं असा माझा पक्का समज होता. शिवाय हॉटेलच्या खाण्याविरुद्ध गावोगाव भाषणं द्यायची. "घरचं साधं जेवण हेच अमृत!" असं माझ्याच हातचं पोस्टर उपकेंद्राच्या भिंतीवर होतं. त्यावर मी काढलेली भाकर लोकांना पापडासारखी दिसायची, ते सोडा.

अशा माणसाच्या नशिबी अशा बाई आल्या.

बाईंनी तीस वर्षं मिलच्या कामगारांची खानावळ चालवली होती. रोज चाळीस माणसांचं जेवण. त्यांच्या हातची, भरडलेल्या डाळीची भरडा भाजी ज्याने खाल्ली त्याने दुसऱ्या कुणाच्या भरडा भाजीला नावं ठेवायचीच, असा नियम होता. आणि त्याच बाई चंद्रपुरात त्या नव्या दुकानातला बर्गर खाऊन असा चेहरा करायच्या, की समोर देव उभा राहिलाय. ते दुकान म्हणजे ज्याच्या शाखा देशभर असतात, लाल खुर्च्या, मेणासारखा चकचकीत फोटोवाला मेनू, तसलं. मी एकदा म्हटलं, "बाई, तुमच्यासारख्या सुगरणीने हे खावं?"

"काऊन? सुगरनीले तोंड नसते काय?"

"पण त्यात चव काय आहे?"

"नागपूरले खाल्ला तसाच हाये, वर्ध्याले खाल्ला तसाच हाये. माह्या हातचं वरन रोज येगळं होते वो नर्सबाई. कधी मीठ जास्त, कधी पोरगा आजारी म्हनून ध्यान नाई. हे पाह्य, याले कोनाचं दुःखच नाई लागत."

मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं. तेव्हा वाटलं होतं, बाईंच्या अज्ञानाचा नमुना म्हणून कधीतरी भाषणात वापरू.

त्या दुकानाच्या दाराशी एक पितळी घंटा टांगलेली होती. खाणं आवडलं तर जाताना वाजवायची, अशी तिथली रीत. बाई आत शिरतानाच वाजवायच्या. देवळात वाजवतात तशी, हात उंच करून, डोळे मिटून, एकदा. आतली टोपीवाली मुलं सगळी एका सुरात "थँक्यू मॅडम!" ओरडायची. बाजाराच्या निमित्ताने मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानात म्हटलं, "बाई, ती आवडल्यावर वाजवायची असते."

"मंग? मले आधीच आवडलं हाये," असं म्हणून बाई खिडकीजवळच्या लाल खुर्चीत जाऊन बसल्या. आणि खरं सांगते, त्या दिवशी बाईंचे तळलेले बटाटे अर्ध्याहून जास्त मी खाल्ले. त्यांनी पाहिलं. नुसती पुडी माझ्याकडे सरकवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी जिवतीच्या डोंगरावरच्या एका शिबिरात तेलकट खाण्याचे तोटे सांगितले. घसा बसलेला होता. बटाट्यांनीच.

तिथली मिरचीची आणि टोमॅटो सॉसची उरलेली पाकिटं बाई घरी आणायच्या आणि वरणभातावर घालून खायच्या. लॉजमधले कागदात गुंडाळलेले इवले इवले साबण एका डब्यात साठवायच्या. संक्रांतीला आमच्या गल्लीत हळदीकुंकू झालं की बाईंचं वाण म्हणजे एक साबण आणि सॉसची दोन पाकिटं. बायका त्यांच्यासमोर हसायच्या नाहीत, गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन हसायच्या. मीही जायची कोपऱ्यावर. खोटं कशाला बोलू?

मात्र उंची गोष्टींचं बाईंना भारी वावडं होतं. त्यांची एक भाची पैसेवाली. ती एकदा त्यांना मोहर्लीला घेऊन गेली, वाघ बघायला. तिथल्या एका महागड्या रिसॉर्टात दोन दिवस ठेवलं. परत आल्यावर बाईंनी पिशवी अंगणातच टाकली आणि जास्वंदीशेजारी फतकल मारून बसल्या.

"वाघ दिसला का?"

"वाघाचं जाऊ दे. खोलीच्या भिती शेनानं सारवल्या होत्या वो! जनमभर सारवून सारवून माह्ये हात गेले, अन् आता ते पाहाले पैसे देऊ? संध्याकाळी कंदील घेऊन आला एक जन. मी म्हटलं, लाइट गेली काय बाप्पा? तं म्हने, नाई आजी, हे असंच असते इथी. जेवाले काय, तं मोहफुलाची चटनी अन् नाचनीची भाकर, दगडाच्या ताटात! माही माय हेच खाऊन खाऊन शहराकडे पळाली होती."

"मग काय केलंत?"

"उपाशी राह्यली. येताना फाट्यावर वडापाव खाल्ला."

तर अशा बाई. मला काही त्यांचं लॉज पचेना. गल्लीत दोन मतं होती. एक, बाईंचं कुणीतरी आहे. दोन, बाईंचं डोकं फिरलंय. मी शिकलेली असल्यामुळे माझं तिसरं मत होतं, की यामागे काहीतरी खोल दुःख आहे. पुस्तकात असतं ना तसं. म्हणून एका शनिवारी, मे महिन्यात, मी त्यांच्या मागावर गेले. आमच्याकडे मे महिन्यात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे वेषांतर आयतंच झालं. बाई एसटीत पुढे बसल्या, मी मागे. स्टँडवर उतरून त्या लॉजमध्ये शिरल्या आणि मी समोरच्या रसवंतीत उसाच्या चरकाआड उभी राहिले. वर दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती. तिथे कोण दिसतं म्हणून मी मान वाकडी करकरून बघत होते. दोन ग्लास रस प्यायले. तिसरा सांगितला.

एवढ्यात लॉजच्या पायऱ्या उतरून एक पांढऱ्या दाढीचे चाचा रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आले. हातात चहाचा कप आणि बशी. "बहनजी, दोसौ चार ने भेजा है. बोलीं, रस मत पिओ, गला बैठेगा."

दुपट्टा डोळ्यांपर्यंत बांधला होता, पण पायात उपकेंद्राच्या पांढऱ्या चपला होत्या. अख्ख्या बल्लारपुरात तशा चपला माझ्याच.

मग गेले वर. दोनशे चार नंबरची खोली. एक पलंग, त्यावर ताणून घातलेली पांढरी चादर, कोपऱ्यात टीव्ही, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दाराजवळ घंटीचं बटण. खिडकीतून सगळा स्टँड दिसायचा. अहेरी, मोहर्ली, जिवती, एकामागून एक गाड्या लागत होत्या. बाई गाऊन घालून पलंगावर मांडी ठोकून बसल्या होत्या. घरी त्यांना मी गाऊनमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

"दुसरं कोणी नाही?" मी म्हटलं. काय तोंडाने म्हटलं असेल, आता आठवूनही लाज वाटते.

"हाये ना. तू हायेस," बाई म्हणाल्या आणि बटण दाबून माझ्यासाठी मसाला डोसा मागवला. चाचा लॉजचे जुने मॅनेजर. गिऱ्हाइकांची नावं ते रजिस्टरात लिहायचे, पण हाक नंबरानेच मारायचे. "दोसौ चार का डोसा!" अशी खालून आरोळी आली की बाईंच्या चेहऱ्यावर असं काही यायचं, की जसं कुणी पदवी दिली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पुढचं माझ्या हातून झालं.

बाईंचा एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीत. चांगला मुलगा, दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा. पण लॉजमध्ये गेल्यावर बाई फोन बंद करून पिशवीच्या तळाला टाकायच्या. एकदा मात्र त्याने शनिवारीच दिवसभर लावला, लागेना. शेवटी मला केला. मी सांगून टाकलं, आई लॉजमध्ये आहे, दर महिन्यालाच जाते. त्याने दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाला, "ताई, तुम्ही नर्स आहात. आईचं डोकं ठिकाणावर आहे ना? जरा बघता का?"

बघता का, असं मला कुणी विचारलं की संपलं. माझ्यातली सरकारी बाई जागी होते. आमच्याकडे तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीचा एक फॉर्म यायचा. प्रश्न छापलेले, पुढे होय-नाहीचे रकाने. मी वाचत गेले आणि खुणा करत गेले. घर सोडून निघून जाणे? होय. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे? होय. दर वेळी तीच खोली, तोच डोसा. निरुपयोगी वस्तू साठवणे? होय, साबण. जेवणाच्या सवयीत बदल? होय, वरणावर सॉस. बाईंना मी एक प्रश्नही विचारला नाही. त्या मागे मोरीत भांडी घासत होत्या. आवाज येत होता. मी शेवटी खाली सही ठोकली, तारीख घातली, फोटो काढला आणि पाठवून दिला. फॉर्म दिसत मात्र सुरेख होता. एकही खाडाखोड नाही.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी मुलगा दारात. रात्रभर प्रवास करून आलेला, डोळे लाल. बाई सकाळीच चंद्रपूरला गेलेल्या. त्याच्याजवळ संध्याकाळच्या गाडीची पुण्याची दोन तिकिटं होती. एक त्याचं, एक आईचं.

"ताई, मी आईला घेऊन जातोय. कायमची. घराचं मग बघू."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, आपल्या सहीने काय झालंय. तरी मी काय केलं? त्याच्यासोबत बाईंचं कपाट उघडून त्यांची पातळं बॅगेत भरली. वरच्या खणातली इस्त्रीची, मधल्या खणातली रोजची. तो देत होता, मी घड्या घालत होते. आमच्या गल्लीतून बॅग नेताना मला कुणाशी नजर मिळवता येईना. मग चंद्रपूरला लॉजवर निघालो.

बाईंनी दार उघडलं, मुलाला पाहिलं, त्याच्या हातातली आपली बॅग पाहिली. टीव्ही बंद केला.

"आई, हे काय चालवलंयस तू? स्वतःचं घर सोडून इथे? लोक काय म्हणतात माहिती आहे?"

"लोक मले दोनशे चार म्हनतात इथी," बाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

आता आपणच हे सावरलं पाहिजे, असं मला वाटलं. आणि सावरायचं म्हणजे माझ्याकडे काय, तर वाचनालयातल्या पुस्तकांचा साठा. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही रागावू नका. तुमचे बाबा बाईंना लग्नाच्या नवलाईत इथेच घेऊन आले होते. याच खोलीत. त्या आठवणीसाठी बाई..." सांगता सांगता मला स्वतःलाच ते पटलं.

मुलाचा चेहरा एकदम मवाळ झाला. झालं असतं काम!

"खोटं काऊन बोलतेस वो?" बाई माझ्यावर उखडल्या. "याच्या बापानं मले उभ्या जन्मात हॉटेलात नेलं नाई. मानूस चांगला होता, पन हॉटेल म्हटलं का त्याचं पोट दुखे. कशाची आठवन अन् कशाचं काय! मले आवडते इथी. बस."

"पण काही कारण असेल ना, आई? आयुष्यभर चुलीशी राबलीस, थकलीस, म्हणून..."

"थकली नाई मी. स्वयंपाक मले आवडेच. हेबी आवडते. एका मानसाले दोन गोष्टी आवडू नाई काय?"

मग मुलाने मोबाइल काढला आणि तो फोटो दाखवला. बाईंनी चष्मा लावला. एकेक ओळ वाचली, ओठ हलवत. खाली माझी सही होती, ती पण वाचली. मी खिडकीबाहेर गडचिरोलीच्या गाडीवरची पाटी वाचत होते, दहा वेळा.

"नर्सबाई," बाई म्हणाल्या, "तुह्या या फॉर्मात 'आवडते म्हनून' असा रकाना नाई काय?"

शेवटी मी मुलाला म्हटलं, "भाऊ, तो फॉर्म खोटा आहे. बाईंना न विचारता भरला मी. तुम्ही तपासा असं म्हणालात ना, मला मोठेपणा वाटला. तुमच्या आईचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे."

"ते असेल ताई," तो म्हणाला, "पण ती एकटी, तिचं वय, फोन बंद. मी तिकडे काय समजायचं? मी काही ऐकणार नाही. गाडी सहाची आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "पन उभ्यानं भांडू नको. बस आधी. चादर पाह्य कशी ताठ हाये, आत्ताच बदलली."

तो बसला. बोलत होता, पुण्याचं घर कसं मोठं आहे, नातवंडं कशी वाट बघतात, लिफ्ट आहे. बोलता बोलता पाय वर घेतले. "आई, तुला तिकडे काहीच करावं..." म्हणाला आणि वाक्य तिथेच राहिलं. बघतो तर डोळे मिटलेले. रात्रभराचा जागा, वर पंखा, खाली ती चादर. घोरायलाच लागला.

आम्ही दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. खालून आरोळी आली, "दोसौ चार, खाना?" बाई दारापर्यंत गेल्या, तोंडावर बोट ठेवून चाचांना गप्प केलं आणि परत येऊन बसल्या. बराच वेळ मुलाकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "खरंच नेईल काय वो तो मले?"

बाईंना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्हाला तर पाहुणी व्हायला आवडतं."

"एक रात. दुसऱ्या दिशी माह्या घरी जातो ना मी. घर हाये म्हनून हे गोड लागते. तिथी गेली तं रोजचीच पाहुनी. पोरगा चांगला, सून चांगली. सकाळी उठून विचारतीन, आई, काय पाहिजे? रोज कोनाले सांगत राहू, काय पाहिजे मले?" मग पदराने डोळे पुसले, म्हणजे पुसायला गेल्या आणि पदरच नाही, गाऊन. तशातही आम्हाला दोघींना हसू आलं. तोंड दाबून हसलो.

चार वाजले, पाच वाजले. मुलगा कुशीवर वळला. सव्वापाच झाले. बल्लारपूर स्टेशन गाठायचं तर आता निघायलाच हवं होतं. मला राहवेना. आयुष्यभर लोकांना वेळेवर गोळ्या घ्या म्हणून उठवत आले, ती खोड जाते का? मी म्हटलं, "भाऊ, गा..." आणि बाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझे शब्दच आत गेले.

तरी तो जागा झालाच. मोबाइल उचलला, वेळ पाहिली. बाई खुर्चीत अगदी ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, शाळेत निकालाच्या दिवशी बसतात तशा. तो खिडकीतून स्टँडकडे पाहत राहिला. मग आईकडे. पुण्यात वीस वर्षं काढलेला माणूस, पण झोपेतून उठून पहिल्यांदा बोलला ते असं:

"आई, इथी चेकआऊट किती वाजता असते वो?"

"उद्या बारा," बाई म्हणाल्या.

"मंग हाये वेळ," म्हणून त्याने चादर अंगावर ओढली.

दुसऱ्या दिवशी तिघंही बल्लारपूरला आलो. त्याने एकट्याचं तिकीट काढलं. निघण्याआधी आईची बॅग स्वतः उघडली आणि पातळं कपाटात परत ठेवली. इस्त्रीची मधल्या खणात, रोजची वर, सगळी उलटीसुलटी. तो गेल्यावर मी लगबगीने ती नीट लावायला गेले.

"राहू दे, नर्सबाई," बाई म्हणाल्या. "त्यानं ठेवली ना."